जास्वंदीला पाणी

केंद्राच्या गॅलरीत जास्वंदीची एक कुंडी होती आणि ती आम्हा पालकांच्या जिभेपायी मरायला टेकली होती. हे ऐकून लोक हसतात, म्हणून नीट सांगते.

बेंगळुरूत मल्लेश्वरममधल्या एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या रस्त्यावर, जुन्या बंगल्याचा वरचा मजला भाड्याने घेऊन हे केंद्र चालतं. शाळा कुणी म्हणत नाही. चौदा ते वीस वर्षांची पंधरा-सोळा मुलंमुली तिथे येतात. कुणाला पानावरची अक्षरं एका जागी ठरत नाहीत, कुणाला आकड्यांची भीती, कुणाला दहा मिनिटं बसवत नाही. माझी मुलगी तिथे सोळाव्या वर्षी गेली. आज ती एकोणीस वर्षांची आहे. तिथे काय शिकायचं ते ज्याचं तोच ठरवतो आणि वर्षातून तीनदा त्याची बैठक होते. बैठक मुलांनीच घ्यायची. खुर्च्या त्यांनी मांडायच्या, कोण कधी बोलणार ते त्यांनी सांगायचं. आईबाप, शिकवणारे, सगळे पाहुणे.

आणि एक नियम. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं, तर त्याने उठायचं, खोलीतल्या माठातून चंबू भरून घ्यायचा आणि गॅलरीतल्या जास्वंदीला पाणी घालून यायचं. तोवर बैठक थांबत नाही. शिक्षा वगैरे काही नव्हती ती. केंद्र चालवणाऱ्या बाई म्हणायच्या, बोलायची हौस झाडावर भागवून या. पण पंधरा-सोळा घरचे पालक, त्यातल्या निम्म्या आया माझ्यासारख्या. जास्वंदीची पानं पिवळी पडून गळत होती आणि मुळाशी कायम तळं.

माझ्याबद्दल सांगायचं तर, मी एका विमा कचेरीत खिडकीवर बसते. पंचवीस वर्षं बसते आहे. समोरच्या माणसाने तोंड उघडायच्या आत त्याला कुठला फॉर्म हवा ते मला कळतं. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, चारही भाषांत माझी जीभ सारखीच चालते. आमचं घराणं इथे किती पिढ्या आहे ते कुणाला नक्की सांगता येत नाही. पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला हसतात, कारण आम्ही ‘जरा’च्या जागी ‘स्वल्प’ म्हणतो आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’. हसू देत. माझे वडील म्हणायचे, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही. मी हे लहानपणीच पदरात बांधून घेतलं होतं.

अशा माझ्या पोटी ही मुलगी आली. तिला प्रश्न विचारला, की तो आधी आत कुठेतरी जातो. तिथे तो बराच वेळ हिंडतो, सावलीत बसतो, आणि मग कधीतरी उत्तर घेऊन बाहेर येतो. उत्तर नेहमी नीट असतं. पण तोवर प्रश्न विचारणारा निघून गेलेला असतो किंवा मी त्याला उत्तर दिलेलं असतं. फुलवालीने नाव विचारलं, मी सांगितलं. डॉक्टरांनी कुठे दुखतंय विचारलं, मी सांगितलं. शेजारच्या अज्जींनी कन्नडमध्ये विचारलं, आज काय खाल्लंस पुट्टी, तर तेही मीच सांगितलं. एकदा चपलांच्या दुकानात तिला विचारलं, चप्पल चावते का? मी म्हटलं, नाही. चप्पल तिच्या पायात होती.

मला तेव्हा यात चुकीचं काही दिसत नव्हतं. मी तिला वाचवत होते. प्रश्न विचारून झाल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी पाहिलं होतं. आधी हसू तसंच राहतं, मग भुवया वर जातात, मग ते माझ्याकडे बघतात. ते माझ्याकडे बघायच्या आत बोलायचं, एवढं मला जमत होतं आणि त्यात मी तरबेज झाले होते.

केंद्र चालवणाऱ्या बाई मूळच्या निपाणीकडच्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मुलंही आणि माझ्यासारख्या त्यांच्याहून मोठ्या आयाही. पहिल्या बैठकीत त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, “तुला इथं कशासाठी यायचंय?” मी लगेच सांगायला लागले, की हिला वाचायला त्रास आहे, तपासण्या झाल्या आहेत, रिपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे. अक्कांनी ऐकून घेतलं आणि चंबूकडे बोट दाखवलं.

“म्हणजे?” मी विचारलं.

“जास्वंदीला पाणी घालून या की,” त्या म्हणाल्या. “आम्ही आहोत इथंच.”

मला राग आला. मी पन्नाशीची बाई, कचेरीतून रजा टाकून आलेली, आणि मला झाडाला पाणी घालायला लावतात. गेले तरी. त्या दिवशी मी चार वेळा गेले. चौथ्या वेळी परत येऊन बसले तेव्हा पदर भिजला होता, आणि मी मूग गिळून बसले. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी ‘सोप्पु, सोप्पु’ ओरडत पालेभाजीची गाडी नेत होता, त्याचा आवाज लांब जाईतो ऐकू आला. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. उन्हाचा एक चौकोन जमिनीवर होता तो माझ्या पायाच्या बोटापर्यंत सरकला. मला वाटलं मी झोपेत आहे, आणि दुसऱ्या कुणाची तरी झोप आहे ही. मग माझी मुलगी म्हणाली, “इथे घाई नाही.”

तिला तिथे कशासाठी यायचं होतं, त्याचं ते उत्तर होतं. मी घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलले नाही. रिक्षावाल्याने दोनदा वळून पाहिलं.

त्यानंतरची तीन वर्षं मला नीट क्रमाने आठवत नाहीत. सकाळी तिला सोडायला जाताना दिसणारी संपिगेची, म्हणजे सोनचाफ्याची, झाडं आठवतात. केंद्राच्या जिन्यात ठेवलेल्या चपलांच्या जोड्या आठवतात, कुणाची उलटी, कुणाची सरळ. तिने वाळूत बोटाने अक्षरं काढली, मग मातीची केली, मग एकदा पानावर लिहिलेली चिठ्ठी मला दिली. चिठ्ठीत तीन शब्द होते, त्यातला एक चुकलेला. ‘आई उद्या इडली’. त्या सकाळी इडली खाताना ती कुणाकडेही न बघता हसत होती. मी ती चिठ्ठी कपाटातल्या साडीच्या घडीत ठेवली. मध्येच दहावी होती. मुक्त शाळेच्या परीक्षेला ती दोनदा बसली आणि दोन विषय राहिले. घोडं तिथेच पेंड खात होतं. मला ते दोन विषय रात्रंदिवस टोचत होते, तिला नव्हते.

केंद्रात ‘बाहेरचे दिवस’ असतात. ज्याला जे काम बघावंसं वाटतं तिथे त्याने चार दिवस जाऊन यायचं. गेल्या पावसाळ्यानंतर माझी मुलगी अक्कांबरोबर के. आर. पुरमला एका बेकरीत गेली. घरगुती बेकरी, नवराबायको आणि दोन कामगार. चार दिवस घरी येताना तिच्या केसांना पावाचा वास यायचा. तिथे काय केलंस विचारलं तर काही बोलली नाही, आणि मी तिच्यासाठी उत्तर देऊ शकले नाही, कारण या वेळी मला ते ठाऊकच नव्हतं.

रविवारी दुपारी आम्ही दोघी पडलो होतो. पडद्यातून येणारा उजेड भिंतीवर हलत होता. ती छताकडे बघत म्हणाली, “पावाला पाठीवर टिचकी मारतात. आतून पोकळ आवाज आला की झाला. नाही आला की अजून आत ठेवायचा.”

“घड्याळ लावत नाहीत?” मी विचारलं.

“लावतात.” मग बराच वेळ गेला. मला वाटलं झोपली. “पण घड्याळ चुकतं. मी नाही चुकले.”

त्यानंतर काही दिवस ती घरातल्या सगळ्या वस्तूंवर टिचक्या मारत फिरली. नारळावर, डब्यांवर, भोपळ्यावर, दारावर, वडिलांच्या टकलावर. कान लावून ऐकायची आणि मान हलवायची. तिचे वडील हेब्बाळकडच्या एका कंपनीत असतात आणि घरी आले की फारसे बोलत नाहीत. ते नुसते डोकं पुढे करायचे.

बेकरीवाल्यांनी तिला सहा महिने शिकायला बोलावलं. आठवड्यातून पाच दिवस, सकाळी. तिला जायचं होतं. एकटीने जायचं होतं. मल्लेश्वरमहून हिरव्या मेट्रोने मॅजेस्टिक, तिथे उतरून जांभळी मेट्रो पकडायची, आणि मग के. आर. पुरम. मॅजेस्टिकच्या त्या स्टेशनात मी स्वतः दोनदा चुकले आहे. जिने वर जातात, जिने खाली जातात, आणि सगळं बेंगळुरू एकमेकांच्या अंगावरून धावत असतं.

मी म्हटलं, आधी दहावी. कागद हातात असला की मग काय ते कर. आमच्या कचेरीत झाडूवालीच्या जागेलाही दहावीचा कागद मागतात. तिने ऐकून घेतलं. फेब्रुवारीत तिची बैठक होती आणि पुढच्या वर्षाचा कागद त्यात भरायचा होता. त्यावर आधी तिची सही, मग आमची. एकाची जरी सही नसली तरी तो कागद पुढे सरकत नाही, आणि बेकरीवाल्यांना त्याच आठवड्यात उत्तर हवं होतं. नाहीतर ते दुसऱ्या कुणाला घेणार होते.

तेव्हा मी जे केलं ते आमच्याकडची कुठलीही आई करील. मी तिच्याकडून पाठ करून घेतलं. मी स्वतः लहानपणी इथल्या मराठी मंडळाच्या पाठांतर स्पर्धेत बक्षिसं मिळवली आहेत, ते तंत्र मला येतं. सकाळी वेणी घालताना एक वाक्य, तेच संध्याकाळी. ‘मला दहावीचे राहिलेले दोन विषय द्यायचे आहेत, त्यानंतर मी पुढचा विचार करीन.’ चार दिवसांत तिला ते न अडखळता यायला लागलं. इतकं भरभर ती कधीच काही बोलली नव्हती. मला वाटलं, नियमात बसतंय. उत्तर तिच्याच तोंडून येणार, मी कुठे बोलणार आहे? तिच्या केसांत रिबीन बांधताना मी स्वतःवर खूश होते. आज ते आठवलं की माझे कान गरम होतात.

बैठकीच्या दिवशी रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा पडला होता. फेब्रुवारीत ती झाडं एकही पान न ठेवता फुलतात. खाली फुलं, वर फुलं, मधून आम्ही तिघं चाललो होतो, आणि मला सगळं फार हलकं वाटत होतं. तिने चार खुर्च्या मांडल्या. एक माझी, एक तिच्या वडिलांची, एक अक्कांची, एक तिची. भिंतीला एक मोठा कागद चिकटवलेला होता. त्याच्यावर हिरवी रेघ, मग एक मोठा चौकोन, मग जांभळी रेघ, आणि शेवटी एक भट्टी. भट्टीत आठ पाव. दहावीचं त्यावर काहीच नव्हतं.

“पुढच्या वर्षी तुला काय करायचंय?” अक्कांनी विचारलं.

मी तिच्याकडे बघत होते. वाक्य तिला येत होतं, सकाळी दोनदा म्हणून झालं होतं. पंखा फिरत होता. तिने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली. माझा धीर सुटला. मी अगदी हळू म्हटलं, “दहावीचे...”

मी उठले, माठातून चंबू भरला आणि गॅलरीत गेले. जास्वंदीला तीनच पानं उरली होती. पाणी ओतलं आणि परत आले. ती अजून खालीच बघत होती. मग अक्कांनी दुसरा प्रश्न विचारला. “मॅजेस्टिकला गाडी बदलताना गोंधळ झाला तर कुणाला विचारशील?”

“हे सोडतील तिला,” मी म्हटलं. “हेब्बाळला जायच्या आधी.” तिच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. हे त्यांनाही नवीन होतं.

पुन्हा चंबू. या वेळी कुंडीतली माती पाणी घेत नव्हती, वरच साचलं होतं, तरी मी ओतलं. नियम म्हणजे नियम. कुंडीच्या कडेवरून ते वाहायला लागलं आणि माझ्या पायाखालून खाली अंगणात गेलं. मी वळले आणि खिडकीच्या काचेतून आत पाहिलं. माझी मुलगी बोलत होती. तिचे ओठ हलत होते, हात त्या हिरव्या रेघेवरून चौकोनाकडे जात होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. अक्का पुढे झुकून ऐकत होत्या. तिचे वडील ऐकत होते. काच बंद होती. मला एक शब्दही ऐकू येत नव्हता. एखादं स्वप्न पडावं आणि त्यात आपलं माणूस पलीकडच्या काठावर दिसावं, तसं झालं. किती वेळ ती बोलली मला माहीत नाही. मी रिकामा चंबू धरून उभी होते आणि मला रडू येत होतं, कारण इतकं ती बोलते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ती बोलली ते मी बाहेर गेल्यावर.

आत येऊन मी विचारलं, “काय म्हणाली?”

“तिलाच विचारा की,” अक्का म्हणाल्या.

मी तिला विचारलं आणि थांबले. भाजीची गाडी आली आणि गेली. उन्हाचा चौकोन सरकला.

“मॅजेस्टिकला जांभळा रंग शोधायचा,” ती म्हणाली. “चुकलं तर पुन्हा वर यायचं. मग पुन्हा शोधायचा. मी लवकर निघीन म्हणजे चुकायला वेळ असेल.”

चुकायला वेळ असेल. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी असा हिशोब कधी केला नव्हता.

अक्का मग माझ्याकडे वळल्या. “आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?”

हा प्रश्न माझा होता. यात कुणाचा चंबू नव्हता. माझं उत्तर तयार होतं, कागदाचं महत्त्व, कचेरी, जग. मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. एरवी उचलली जीभ लावली टाळ्याला असं माझं, आणि त्या दिवशी जीभ जागची हलेना. तिचे वडील वाट बघत होते. अक्का वाट बघत होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. ते बघणं मी ओळखलं. हसू तसंच राहतं, मग भुवया वर जातात.

तेव्हा माझी मुलगी बोलली.

“आईला दहावीचं काही नाही,” ती म्हणाली. मग थांबली. आम्हीही थांबलो. “तिला वाटतं, मेट्रोत मला कुणीतरी काहीतरी विचारेल. आणि मला वेळ लागेल. आणि ते थांबणार नाहीत.” पुन्हा बराच वेळ गेला. “आणि आई तिथे नसेल.”

तिच्या वडिलांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसायला लागले. ती मात्र उठली. तिने माझ्या खुर्चीजवळचा चंबू उचलला, कारण तिने दुसऱ्याचं उत्तर दिलं होतं आणि तिच्या लेखी नियम तिलाही होता. माठापाशी जाऊन तिने तो काठोकाठ भरला आणि सांडू न देता गॅलरीत नेला.

मी काचेतून बघत होते. ती कुंडीपाशी उकिडवी बसली. एक बोट मातीत खुपसलं आणि तसंच ठेवलं. मग बाहेरून कुंडीला टिचकी मारली आणि कान लावला. मग उठली आणि भरलेला चंबू तसाच घेऊन आत आली.

“पाणी नाही घातलंस?” अक्कांनी विचारलं.

“माती ओली आहे,” ती म्हणाली. “आईने दोनदा घातलंय.”

तीन वर्षं आम्ही सगळे त्या कुंडीत पाणी ओतत होतो, मीच तीसचाळीसदा ओतलं असेल, आणि आमच्यापैकी एकानेही मातीला हात लावून पाहिलं नव्हतं. तिने चंबू माझ्यासमोर ठेवला.

“तू पी,” ती म्हणाली.

माझा घसा खरंच कोरडा पडला होता. मी दोन्ही हातांनी चंबू धरला आणि माठातलं ते गार पाणी सगळं प्यायले. मग तिने टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. वर तिची सही होती, एक अक्षर जरा तिरकं. खाली वडिलांची सही झाली होती, माझी जागा रिकामी होती. मी सही केली.

“सरी ना, आई?” तिने विचारलं.

मला उत्तर यायला वेळ लागला. ती थांबली.